हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा जातंय? हेड खोलण्याआधी हे बघा

ट्रॅक्टरचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, एकदा खोललं, हेड नि ब्लॉकच्या मधलं नवं गॅस्केट टाकलं आणि एक हंगाम निघायच्या आत गाडी पुन्हा पाणी प्यायला लागली, अशांसाठी हे लिहितोय. माझं गॅरेज पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, जमीन काळी नि चिवट, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. उन्हाळी नांगरटी सुरू झाली की हेड गॅस्केटची कामं रांगेने येतात. त्यातली बरीच कामं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलेली असतात.

गॅस्केट सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. उष्णता, खारं पाणी, वाकलेलं हेड, खाली बसलेला लायनर (पिस्टन ज्यात चालतो ती नळी), चुकीचे आवळलेले बोल्ट, नाहीतर इंजिनाच्या डिझेल पंपातून जास्त येणारं डिझेल. मारणारा इंजिनात तसाच ठेवून नवं गॅस्केट टाकलं तर तेही जाणारच. म्हणून पाना हातात घेण्याआधी शोध घ्यायचा. या शोधातलं अर्धं काम फुकटात होतं.

लक्षणं कोणती

सगळ्यात आधी दिसतं ते पाणी कमी होणं. बाहेर कुठे गळत नाही, जमिनीवर ओल नाही, तरी रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी टाकावं लागतं. दुसरं, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज पाईप दगडासारखा कडक होतो. पाणी अजून तापलेलंही नसताना पाईप फुगतो, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. तिसरं, सकाळी सुरू करताना गाडी थोडा वेळ मिस मारते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि मग सगळं ठीक होतं. रात्रभरात थेंब थेंब करून एका सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असतं.

चौथं लक्षण सगळ्यांना माहीत आहे. डिपस्टिक काढली की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. पण इथे घाई नको. पावसाळ्यात किंवा थंडीत गाडी फक्त घर ते शेत अशी थोडी थोडी चालली, तर ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसत्या दमटपणामुळे पिवळट फेस जमतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि फेस फक्त झाकणाला असेल, तर ते गॅस्केट नव्हे. गाडी तासभर लोडवर चालवा, फेस जातो.

याच्या उलट, रेडिएटरच्या पाण्यावर काळा तवंग दिसला तर ऑइल पाण्यात जातंय. त्यात गॅस्केटबरोबर ऑइल कूलरचाही संशय घ्यावा लागतो. ज्या इंजिनाला पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर आहे, त्याचं हेड खोलण्याआधी कूलर काढून हवेच्या दाबाने तपासा. हेडच्या मानाने ते काम फार सोपं आहे.

आणि एक लक्षण धोक्याचं. किल्ली फिरवली, स्टार्टरने एकदा 'टक' केलं आणि इंजिन तिथेच अडकलं. सिलिंडर पाण्याने भरला असेल तर पिस्टनला वर जायला जागा नसते, कारण पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून गाडी ओढू नका. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गॅस्केटचं काम अख्ख्या इंजिनाचं काम होऊन बसतं. इथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. तो नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून आधी पाणी बाहेर काढेल.

फुकटातली तपासणी

रेडिएटरचं टोपण इंजिन पूर्ण थंड असतानाच काढायचं. गरम रेडिएटरचं टोपण काढून तोंड आणि छाती भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. वरून गोणपाट टाकलं तरी वाफ थांबत नाही.

टोपण हातात आलं की त्याचं रबर बघा. चिरलंय का, कडक झालंय का? मधली स्प्रिंग अंगठ्याने दाबा, झटक्यात परत यायला हवी. लोकांना टोपण म्हणजे नुसतं झाकण वाटतं, पण ते दाब धरून ठेवतं, आणि दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. सात पौंडाचं टोपण धड असेल तर पाणी साधारण ११० अंशांच्या पुढे उकळतं, मेलेलं असेल तर शंभरालाच. आमच्या उन्हात, दोन फाळी नांगर काळ्या जमिनीत घातलेला असताना, त्या दहा अंशांवरच हेड वाचतं किंवा वाकतं. पाणी उकळलं की हेडमध्ये वाफेचे गोळे होतात, तिथल्या लोखंडाला पाणी शिवत नाही, आणि गॅस्केट सगळ्यात आधी तिथेच जळतं. शिवाय उकळलेलं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं आणि मालकाला वाटतं इंजिन पाणी पितंय.

मागच्या सोयाबीनच्या हंगामात तेल्हाऱ्याकडचा एक जण आला. गाडी दिवसभर थ्रेशरवर होती. "भाऊ, पुन्हा पानी पिऊन राह्यली गाडी. आता हेड काढाच लागते वाटते." मी म्हटलं, हेड राहू दे, आधी समोरची जाळी काढ. जाळीच्या मागे सोयाबीनचं कुटार (भुसा) असं बसलं होतं की रेडिएटरच्या पत्र्या दिसतच नव्हत्या. वरचा अर्धा भाग कुटार आणि ऑइलच्या धुळीने लिंपल्यासारखा झाला होता. टोपणाचं रबर बोटाने तुटलं. रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारून साफ केला, टोपण नवं लावलं, आणि गाडी पुन्हा थ्रेशरवर गेली. गॅस्केटला त्याचं त्या दिवशी काहीही झालेलं नव्हतं. आणखी एक हंगाम तशीच चालवली असती तर मात्र झालं असतं.

रेडिएटर साफ करताना हवा किंवा पाणी नेहमी पंख्याच्या बाजूने मारायचं. समोरून मारलं तर कुटार आणखी आत ठासलं जातं. पाण्याचा जोर फार ठेवू नका, पत्र्या वाकतात.

पंख्याचा पट्टा दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण बोटाच्या जाडीएवढा, म्हणजे १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर पट्टा लोडवर घसरतो आणि पंखा, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) दोन्ही मंद होतात. रिकामी गाडी तापत नाही, नांगर लावला की तापते, यामागे बरेचदा हेच असतं. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कव्हर काढून टाकलेलं असेल तर तेही परत बसवा. कव्हर नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा फिरवत बसतो.

वॉटर बॉडीखाली एक बारीक भोक असतं. तिथून पाणी टिपकत असेल तर सील गेलं आहे. चालू गाडीत ते पाणी उडून जातं म्हणून दिसत नाही, पण भोकाखाली पांढरा किंवा गंजाचा ओघळ राहतो. ब्लॉकवरच्या पत्र्याच्या डमी (भोकं बंद करणाऱ्या टोप्या) आणि हीटिंग मीटरचा सेन्सरही असाच निरखून बघा.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायची आमच्याकडे जुनी खोड आहे. 'उन्हाळ्यात काय करायचा तो' म्हणून काढतात. ज्या इंजिनाला बायपासचा मार्ग आहे, तिथे थर्मोस्टॅट नसला की काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत इंजिनात फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. काढलेला असेल तर नवा बसवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात टाकून बघा, साधारण ८२ अंशांच्या आसपास तो उघडायला लागतो. उघडण्याचा आकडा त्याच्यावर कोरलेला असतो.

खाऱ्या पाण्याचं काय करायचं

हा विषय मी जरा लांबवतो, कारण आमच्या भागात गॅस्केट मारणारा पहिला नंबर याचाच आहे.

खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकलं की दोन गोष्टी होतात. कठीण पाण्यातले क्षार गरम लोखंडावर थर धरतात. हा थर उष्णता अडवतो, म्हणून मीटरवर पाण्याचं तापमान बरं दिसतं आणि आत लायनर नि हेड तापलेलंच असतं. दुसरं, पाण्यातलं मीठ लोखंड खातं. हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा, गॅस्केटमधला पत्रा, ओल्या लायनरचा (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं) बाहेरचा भाग, सगळीकडे बारीक खड्डे पडतात. हेड काढल्यावर भोकाच्या कडेची जागा बोटाने चाचपून बघा, खाल्लेली कड नखाला लागते. सपाट जागाच उरली नाही तर गॅस्केट दाबून धरणार कुठे?

उपाय महाग नाही. तयार मिसळलेलं कुलंट मिळतं ते वापरा, नाहीतर कुलंट बॅटरीच्या पाण्यात (डिस्टिल्ड वॉटरमध्ये) मिसळून टाका. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, साधारण एक तृतीयांश ते निम्मं. बॅटरीचं पाणी मिळत नसेल तर पावसाळ्यात पहिल्या काही सरी जाऊ देऊन पत्र्यावरचं पाणी कॅनमध्ये साठवून ठेवा. पाणी कितीही चांगलं असलं तरी नुसतं पाणी टाकू नका. गंज रोखणारं द्रव्य कुलंटमध्ये असतं, पाण्यात नसतं. ओल्या लायनरच्या इंजिनात तर लायनर थरथरतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या बाजूला बुडबुडे फुटून खड्डे पडतात. त्यापासूनही कुलंटच वाचवतं.

जुनं कुलंट अंगणात किंवा नालीत ओतू नका. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं. शेळ्या, कुत्री, वासरं ते चाटतात. कॅनमध्ये भरून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

आणि उकळलेल्या इंजिनात विहिरीचं थंडगार पाणी ओतणं, हे मी हात जोडून सांगतो, करू नका. गाडी तापली तर नांगर वर घ्या, इंजिन दोन-तीन मिनिटं मंद चालू ठेवा, मग बंद करा आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत, निदान अर्धा-पाऊण तास, सावलीत थांबा. मग टोपण काढा आणि इंजिन पुन्हा चालू करून हळूहळू पाणी टाका. तापलेल्या हेडवर एकदम थंड पाणी पडलं की दोन व्हॉल्व्हच्या सीटच्या मधल्या जागेत चीर जाते. ती चीर गॅस्केट बदलून कधीच बरी होत नाही.

थोड्या खर्चाची, थोड्या हिमतीची तपासणी

इथून पुढे पाना लागतो.

ऑइलमध्ये पाणी आहे का, याची खात्री करायची असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट दोन-तीन आटे सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, तळाला बसतं, म्हणून पहिल्यांदा पाणीच येतं. नुसतं ऑइल आलं तर लगेच बोल्ट आवळा. दुसरी पद्धत म्हणजे तापलेल्या तव्यावर ऑइलचा एक थेंब टाकायचा. पाणी असेल तर तो चरचर करून तडतडतो.

पाणी निघालं तर ते वरून आलं की खालून, हा प्रश्न येतो. ओल्या लायनरच्या इंजिनात लायनरच्या खालच्या बाजूला रबर रिंग असतात. त्या गेल्या तरी पाणी थेट चेंबरमध्ये उतरतं, आणि लोक हेड गॅस्केट बदलत बसतात. चेंबर काढून, रेडिएटरला हलका दाब देऊन खालून टॉर्च मारली की लायनरच्या बुडातून ओघळ येतो का ते दिसतं. गॅस्केट बदलूनही आठवड्यात ऑइल पुन्हा पांढरं झालं, तर मी हेड न खोलता पहिल्यांदा इथे बघतो.

बुडबुड्यांची तपासणी मात्र प्रत्येकाने करावी. इंजिन थंड असू द्या. पंख्याचा पट्टा काढा, म्हणजे वॉटर बॉडी पाणी घुसळणार नाही. रेडिएटर काठोकाठ भरा, टोपण उघडं ठेवा, इंजिन सुरू करा. सुरुवातीला अडकलेली हवा म्हणून दोन-चार बुडबुडे येतील ते सोडून द्या. त्यानंतरही एकसारखे बुडबुडे येत राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय, ही खात्री धरा. पट्टा नसताना इंजिन मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवायचं नाही.

बुडबुडे येत असतील तर कोणत्या सिलिंडरचे, हे शोधायला जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनात एकेका नोझलच्या पाईपचा नट थोडा सैल करून त्या सिलिंडरचं डिझेल बंद करतात. ज्याचं डिझेल तोडल्यावर बुडबुडे कमी होतात, तो सिलिंडर. नटावर चिंधी धरा, हात आणि तोंड धारेसमोर आणू नका. या धारेत कातडी फोडून आत शिरण्याइतका जोर असतो. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाईपातून डिझेल देणाऱ्या) हे अजिबात करायचं नाही. तिथला दाब कितीतरी पटींनी जास्त असतो. गाडी कॉमन रेलची असेल तर इथे थांबा आणि कंपनीच्या शिकलेल्या माणसाला बोलवा. वॉरंटी चालू असेल तरी थांबा.

नोझलच्या भोकातून डिझेलचं कॉम्प्रेशन मीटर लावता आलं तर उत्तम. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी आलं, तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळाली आहे. एकाचंच कमी आलं तर व्हॉल्व्ह, रिंग, गॅस्केट तिन्हींचा संशय.

पंपाचं डिझेल वाढवलंय का?

हा प्रश्न मी प्रत्येक मालकाला विचारतो, आणि उत्तर यायला जरा वेळ लागतो. ट्रॉलीत उसाचं किंवा गिट्टीचं जादा वजन ओढायला, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपली जोरात चालावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवलेला असतो, किंवा टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) पुढे घेतलेलं असतं. डिझेल वाढलं की काळा धूर आणि उष्णता वाढते, टायमिंग पुढे गेलं की सिलिंडरमधला सर्वात जास्त दाब वाढतो. हेड वर उचलायला बघणारा दाब हाच. बोल्ट तेवढेच, गॅस्केट तेवढंच, आणि दाब वाढलेला. गॅस्केट जाणार नाही तर काय होईल? पंप जिल्ह्याच्या गावी टेस्ट बेंचवर नेऊन मूळ मापाला आणा. त्याशिवाय नव्या गॅस्केटचे पैसे घालवू नका.

कॅम बदलला आणि मग गॅस्केट गेलं

अलीकडे जुन्या जीपच्या हौशी पोरांकडून हे काम वाढलंय. 'परफॉर्मन्स कॅम' (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागवायचा, हेड उतरवलेलंच आहे तर नवं गॅस्केट टाकायचं, आणि मग महिनाभरात पाणी पिते म्हणून गाडी दारात.

आधी ट्रॅक्टरवाल्यांना सांगतो. ट्रॅक्टरमध्ये असा कॅम टाकू नका. हा कॅम व्हॉल्व्ह जास्त उचलतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो, त्याचा फायदा जास्त फेऱ्यांवर मिळतो. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला २००० ते २२०० फेऱ्यांच्या आसपास गव्हर्नर अडवतो, आणि नांगरटीत आपल्याला ओढ खालच्या फेऱ्यांवर हवी असते. कमी फेऱ्यांवर हा कॅम उलट ओढ घालवतो. जुना कॅम झिजला असेल तर मूळ मापाचाच टाका. झिजलाय का ते बघायला डायल गेज लावून प्रत्येक पुशरॉड किती वर येतो ते मोजा. एखादा दुसऱ्यांपेक्षा कमी उचलला तर त्या जागचा कॅम खाल्ला गेलाय.

जीपवाल्यांसाठी. व्हॉल्व्ह जास्त उचलला की तो पिस्टनच्या जवळ येतो. त्यातून हेडला फेस मारलेला (मशीनवर घासून सपाट केलेलं) असेल तर हेड आणखी खाली आलेलं असतं. म्हणून पक्कं आवळण्याआधी पिस्टनवर मऊ मातीची गोळी ठेवून, हेड जुन्या गॅस्केटसह बसवून, टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) सेट करून, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि मग हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मोजा. हाताला अडकलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय. किती अंतर हवं ते कॅमवाला लिहून देतो. अंतर कमी पडलं तर काही इंजिनांना जाड गॅस्केट मिळतं. दोन गॅस्केट एकावर एक लावायचा उद्योग करू नका, ते टिकत नाही.

आता खरी अडचण. जुन्या पुशरॉडच्या इंजिनात नवा कॅम आणि त्यावर घासणारे नवे टॅपेट टाकले की पहिली वीसेक मिनिटं इंजिन मंद चालवायचं नसतं, १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवायचं असतं. कारण कॅमला ऑइल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं, आणि मंद चालीत ते पुरत नाही. मंद ठेवलं तर नवा कॅम पहिल्या तासातच खराब होतो. पण त्याच वेळी पाणी नुकतंच भरलेलं असतं, हेडच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकलेली असते, आणि त्या हवेसकट तुम्ही इंजिन वीस मिनिटं जोरात चालवता. कॅम वाचतो, गॅस्केट जळतं. महिनाभराने जे पाणी प्यायला लागतं त्याची सुरुवात त्या वीस मिनिटांत झालेली असते.

म्हणून क्रम असा ठेवा. इंजिन सुरू करण्याआधीच गाडीचं नाक चढावर करा, वरचा होज सैल करून पाणी तिथून येईपर्यंत भरा, थर्मोस्टॅटला आधीच बारीक भोक नसेल तर हवा निघायला तसं पाडून घ्या, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा. डिझेल-पेट्रोल, स्पार्क, टायमिंग असं तपासून ठेवा की पहिल्या दमात इंजिन सुरू होईल आणि रेसवर घेता येईल. एक जण फक्त पाण्याकडे आणि मीटरकडे बघायला ठेवा. मीटर चढला तर लगेच बंद करा, थंड होऊ द्या, पाणी भरा, आणि उरलेली मिनिटं पुन्हा रेसवरच पुरी करा.

हेड खोललंच तर

जुनं गॅस्केट भंगारात टाकू नका, उजेडात धरून नीट बघा. कुठे मेलं यावरून कसं मेलं ते कळतं. दोन सिलिंडरमधली पट्टी काळी पडून तुटली असेल तर तापणं किंवा जादा दाब. पाण्याच्या भोकाची कड गंजून खाल्ली असेल तर पाणी. सिलिंडरभोवतीच्या फायर रिंगवर एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट छाप असेल तर लायनर एका बाजूने खाली बसलाय किंवा हेड वाकलंय. छाप सगळीकडेच फिकट असेल तर बोल्ट कमी आवळले होते.

हेड साफ करताना ग्राइंडरची चकती किंवा कानस लावू नका. सरळ पट्टी आणि फिलर गेज घ्या. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत पट्टी ठेवून खालून कोणतं पान जातं ते बघा. प्रत्येक इंजिनाची मर्यादा पुस्तकात असते. ०.१० मिलिमीटरचं पान सरकलं की मी तरी हेड फेसिंगला पाठवतो. फेस मारणाऱ्याला चीर तपासायलाही सांगा, रंगाची तपासणी स्वस्त असते.

मग लायनर. ओल्या लायनरची कड ब्लॉकच्या वर किंचित, केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून थोडी वर असायला हवी. तीच कड फायर रिंगला चिमटीत धरते. कड ब्लॉकच्या बरोबरीला किंवा खाली असेल, किंवा शेजारच्या लायनरपेक्षा वेगळी असेल, तर कितीही चांगलं गॅस्केट टाका, टिकणार नाही. खारपाणपट्ट्यात लायनरच्या बैठकीची जागाच गंजाने खाल्लेली सापडते. हे काम घरी होत नाही, मशीन शॉपवर ब्लॉक न्यावा लागतो. इथे हातातला पाना खाली ठेवा.

बोल्टची भोकं हवेने साफ करा. भोकात पाणी किंवा ऑइल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर खालचा ब्लॉक फुटू शकतो. आटे स्वच्छ करा, आट्यांना आणि वॉशरला ऑइलचा एक पातळ हात द्या, भरपूर नको. गॅस्केटला शेलॅक (चिकट लेप) फासू नका, गॅस्केटवर तसं लिहिलं असेल तरच लावा. मधून बाहेर, पुस्तकातल्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा. पान्याला पाईप लावून अंदाजाने आवळलेलं हेड मला गॅस्केटच्या छापावरून लगेच ओळखता येतं. ज्या इंजिनाचे बोल्ट टॉर्कनंतर अंशांत फिरवायचे असतात, ते बोल्ट नवेच घ्या. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आणा, मिळत नसेल तर हे काम करू नका.

जुन्या पद्धतीचं गॅस्केट असेल तर गाडी गरम करून, थंड करून पुन्हा एकदा टॉर्क द्यावा लागतो. पत्र्यांच्या थरांच्या नव्या गॅस्केटला सहसा लागत नाही, पाकिटावर बघा. दुसऱ्यांदा टॉर्क दिला की टॅपेट पुन्हा सेट करा, कारण हेड किंचित खाली बसतं आणि टॅपेटचं अंतर बदलतं.

ऑइलमध्ये पाणी गेलं होतं तर ऑइल नि फिल्टर दोन्ही बदला, थोडा वेळ मंद चालवून तेही ऑइल काढा आणि पुन्हा नवं भरा. पहिला आठवडा नांगर, रोटाव्हेटर लावू नका, हलकी कामं करा. रोज सकाळी थंड इंजिनात पाण्याची पातळी बघा आणि किती टाकलं ते लिहून ठेवा. पहिल्या दोन दिवसांत थोडं कमी होतं, अडकलेली हवा निघते म्हणून. चौथ्या दिवशीही पाणी कमी झालं, तर गाडी शेतात न नेता बुडबुड्यांची तपासणी पुन्हा करा.